लग्नाचं फोटो कव्हरेज किती घ्यायचं? कार्यालयातल्या लग्नाचा तासावारी हिशोब

कार्यालय ठरलं, केटरर ठरला, की पुढचा फोन फोटोवाल्याला जातो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दोन दिवसांचं पॅकेज केवढ्याला?" मी पुणे, सातारा, सांगली या पट्ट्यात लग्नं शूट करतो. या प्रश्नापासूनच पैसे वाया जायला लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवस हे माप आमच्या सोयीचं आहे. घरच्यांनी दोनच गोष्टी मोजाव्यात: एकाच वेळी दोन ठिकाणी महत्त्वाचं काही घडतंय अशा वेळा किती, आणि काहीच घडत नाही असे तास किती. पहिल्यासाठी माणसं वाढवा, दुसरे तास सरळ कापा. बहुतेक घरं नेमकं उलटं करतात. तास भरपूर घेतात आणि मुहूर्ताला कॅमेरा एकच असतो.

हिशोबासाठी नेहमीचं लग्न घेऊ. पुण्यातलं मंगल कार्यालय, साडेतीनशे-चारशे पान, आदल्या दिवशी आपापल्या घरी हळद, दुसऱ्या दिवशी सकाळी सीमांतपूजन, बारा वाजून काही मिनिटांचा मुहूर्त, चार-साडेचारला पाठवणी. तुमचं लग्न वेगळं असेल, पण हिशोबाची रीत हीच.

आधी गुरुजींना फोन

फोटोवाल्याशी बोलण्याआधी गुरुजींशी बोला. कोणता विधी कधी, कुठे आणि किती वेळ, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कोकणस्थांकडे एक क्रम, देशस्थांकडे थोडा वेगळा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या मराठा लग्नात हळद आणि लग्न अनेकदा एकाच दिवशी असतं, दुपारनंतर परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो आणि मुहूर्त संध्याकाळचा असतो. काही गुरुजी कन्यादान ते सप्तपदी दीड तासात उरकतात, काहींना अडीच लागतात. तुमच्या कव्हरेजमधला हाच सगळ्यात मोठा फरक असतो आणि तो पॅकेजच्या कागदावर कधीच दिसत नाही.

मग एका कागदावर तीन रकाने करा: वेळ, वधूपक्ष कुठे, वरपक्ष कुठे. आपल्या उदाहरणातलं लग्न साधारण असं उतरतं. साडेसात ते नऊ दोन्हीकडे तयारी. नऊला वरपक्षाचं स्वागत आणि सीमांतपूजन. अकराच्या सुमारास वधू मामाकडची पिवळी साडी नेसून गौरीहराशी बसते, त्याच वेळी नवरामुलगा हॉलमध्ये मुंडावळ्या बांधून घेत असतो. बारा ते साडेबारा मंगलाष्टकं आणि हार. साडेबारा ते अडीच कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी. याच वेळात खाली जेवणं चालू. अडीच ते साडेतीन स्टेजवर भेटायला येणाऱ्यांची रांग. मग विहीण पंगत, सूनमुख, पाठवणी.

आता या कागदावर पेन्सिलने गोल करा. ज्या ओळीत दोन्ही रकान्यांत काहीतरी हवंहवंसं चालू आहे, तिथे गोल. आपल्या उदाहरणात असे गोल तीन ठिकाणी पडतात: सकाळची तयारी, गौरीहराची वेळ, आणि विधी चालू असताना खालच्या पंगती. चौथा गोल मुहूर्ताचा. तिथे सगळे एकाच ठिकाणी असले तरी तो धरायचाच.

मुहूर्ताला किती कॅमेरे

इथे जरा थांबून सांगतो, कारण कव्हरेजचा सगळा प्रश्न या पंचवीस मिनिटांत सुटतो किंवा अडतो.

बोहल्यावर वधू आणि वर समोरासमोर उभे असतात. मध्ये अंतरपाट. वधूच्या मागे मामा, दोन्हीकडे करवल्या, भोवती गुरुजी, आणि पुढे अक्षता घेऊन उभे असलेले नातेवाईक. वधूचा चेहरा हवा असेल तर फोटोग्राफर वराच्या खांद्यामागे उभा हवा. वराचा चेहरा हवा असेल तर वधूच्या मागे. शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो, वाजंत्री सुरू होते आणि दोघं एकमेकांकडे बघतात, त्यात दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात एक माणूस या टोकाचा त्या टोकाला पोचू शकत नाही. मध्ये चाळीस माणसं उभी असतात आणि त्यातल्या निम्म्यांचे मोबाइल वर असतात. तिसरी जागा लांबून, उंचावरून, अख्खा मंडप दिसेल अशी, ती व्हिडिओची. म्हणजे मुहूर्ताला फोटोचे दोन आणि व्हिडिओचे निदान एक, असे तीन जण लागतात. बजेट फारच कमी असेल तर बाकी काहीही कापा, हे तीन ठेवा.

हारांच्या वेळी फोटोवाला "हात तसेच ठेवा, इकडे बघा" करत असेल, तर तो एकटा आहे म्हणून करतोय. दुसऱ्या बाजूला माणूस असला की थांबवायची गरज पडत नाही, आणि गुरुजींच्या कपाळावर आठ्याही पडत नाहीत.

मुहूर्तानंतर पाहुणे जेवायला वळतात आणि घरच्यांना वाटतं, आता फोटोवाल्यांचंही जेवण उरकून घ्यावं. नेमकं याच वेळात सगळ्यात चांगलं घडतं. कन्यादानाच्या वेळी ओंजळीत पाणी सोडताना वडिलांचा चेहरा. लाजाहोमाला वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो ती गंमत. होमाचा धूर, डोळे चोळत बसलेली करवली. कानपिळी दहा सेकंदांत संपते आणि आपल्याकडच्या लग्नांची ज्याला सवय नाही तो फोटोग्राफर त्या वेळी लेन्स बदलत असतो. म्हणून कामाचे नमुने बघताना सुंदर जोडप्यांचे फोटो बघत बसू नका. "एका मराठी लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो दाखवा" म्हणा. त्यात सप्तपदीची पावलं, कानपिळी, सूनमुखाचा आरसा नीट सापडला तर माणूस कामाचा.

तास कुठे कापायचे

वधूचा मेकअप, केस आणि नऊवारी मिळून अडीच-तीन तास सहज जातात. त्यातला फोटोसारखा भाग शेवटच्या पाऊण तासात असतो: नथ, बांगड्या, शालू, आरशातली नजर, आणि तयार मुलीला बघून आई थबकते ते. मुहूर्त बाराचा असेल तर पहाटे सहाला टीम बोलावण्यात अर्थ नाही. साडेआठला एक जण वधूच्या खोलीत, एक वराकडे. मेकअप करणाऱ्या ताईंना ही वेळ आधी कळवा आणि खोली खिडकीची घ्या. ट्यूबलाइटच्या उजेडात कितीही महागडा मेकअप हिरवट दिसतो.

स्टेजवरच्या रांगेला सगळी टीम लागत नाही. तिथे एक ट्रॅडिशनल, म्हणजे सगळ्यांना उभं करून फोटो काढणारा, फोटोग्राफर पुरतो. या फोटोंना नावं ठेवायची हल्ली फॅशन आहे. मला ते पटत नाही. पाच वर्षांनी अल्बम उघडल्यावर घरातली मोठी माणसं हेच फोटो आधी शोधतात: कोण आलं होतं, कोण आता नाही. पण ते काढायला कँडिडवाला, म्हणजे न थांबवता घडतं तसं टिपणारा, नको. त्याला तेवढ्या वेळात पंगतीकडे पाठवा.

पाठवणी ठेवायची की नाही यावर घराघरात वाद होतो. माझं मत: एक माणूस ठेवा, पण ती वेळेवर निघणार याची जबाबदारी घरातल्या कुणावर तरी टाका. पाठवणी क्वचितच विधींमुळे लांबते. केटररचा हिशोब, राहिलेल्या बॅगा, न सापडणारी गाडीची किल्ली, यात दीड तास जातो आणि तो दीड तास तुम्हाला जादा आकारात भरावा लागतो. गृहप्रवेश त्याच शहरात असेल तर तोच माणूस पुढे येईल. दुसऱ्या गावी असेल तर माप ओलांडण्याचे पाच फोटो घरातला भाचा मोबाइलवर चांगले काढतो.

हळदीला दोन घरं, दोन गावं असली की लोक दोन टीम घेतात. गरज नाही. प्रत्येक घरी एक माणूस, दोन-अडीच तास, बस्स. हळद सकाळी, उघड्यावर ठेवलीत तर त्या एका माणसाचंही काम दुप्पट चांगलं होतं. एक लक्षात ठेवा: डोक्यावर गडद पिवळा किंवा गुलाबी कापडाचा मंडप घातला की त्यातून गाळून येणारा उजेड चेहऱ्यांवर तोच रंग चढवतो. मग एडिटिंगमध्ये कितीही डोकं खपवलं तरी कातडीचा रंग परत येत नाही. वर पांढरं किंवा मोतिया कापड, रंग बाजूच्या झालरींना.

गोरज मुहूर्त असेल तर वेगळा विचार लागतो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे मुहूर्त होईपर्यंत उजेड संपलेला असतो. जोडप्याचे निवांत फोटो साडेचारपूर्वी उरकायला हवेत, त्यासाठी टीम दुपारी दोनला हवी. दुसऱ्या टोकाला, उघड्या लॉनवर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वरात आणि नाच त्याआधीच आटपतो. म्हणून रात्री बारापर्यंतचं कव्हरेज घेण्याआधी दहानंतर नक्की काय होणार आहे, हे स्वतःला विचारा.

ग्रुप फोटोंची यादी

एक ग्रुप गोळा करून उभा करायला आणि टिपायला तीन मिनिटं धरा. वीस ग्रुप म्हणजे तास गेला. यादी बारा ग्रुपपर्यंत आणा. यादी "आजोळची मंडळी", "बाबांचे बँकेतले मित्र" अशी लिहा आणि दोन्हीकडून एकेक असा माणूस नेमा ज्याला सगळे चेहरे माहीत आहेत आणि ज्याचं सगळे ऐकतात. बहुतेक घरांत ती आत्या असते. नवऱ्यामुलाच्या मित्राला हे काम देऊ नका, तो स्वतःच सापडत नाही. आजी-आजोबांचा फोटो पहिला, सीमांतपूजनानंतर लगेच. जेवणं झाल्यावर ते दमतात, किंवा कुणीतरी त्यांना घरी सोडून आलेलं असतं.

वरचे साज: ड्रोन, सिनेमॅटिक, लाइव्ह

कार्यालय चार भिंतींचं असेल तर ड्रोन घेऊ नका. आतून उडवलेल्या ड्रोनच्या वाऱ्याने अक्षता आणि फुलं उडतात, आवाजात मंगलाष्टकं बुडतात. लॉन असेल तर दोन गोष्टी विचारा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन वगळता धंद्यासाठी ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते आहे का? आणि लॉन कुठल्या झोनमध्ये येतं? पुण्यात एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा झोन दिसतो. फोटोवाल्याला तो उघडून दाखवायला सांगा.

चार मिनिटांची सिनेमॅटिक फिल्म सगळ्यांना दाखवायला छान असते. पण एकच व्हिडिओ परवडत असेल तर मी पूर्ण लांबीचा साधा व्हिडिओ घ्या म्हणेन, कारण त्यात आवाज असतात. मावशीने स्वतः रचून गायलेलं मंगलाष्टक, विहिणींचे उखाणे, हे फिल्ममध्ये बासरीच्या सुरांखाली गडप होतं. त्यासाठी एकच अट घाला: गुरुजींच्या माइकचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट रेकॉर्ड करायचा. कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये फक्त ताटवाट्या ऐकू येतात.

लाइव्ह प्रक्षेपणाचं बघा. आपल्याकडे दुपारचे साडेबारा म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कला पहाटेचे दोन आणि कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे अकरा. न्यू जर्सीतला काका खरंच जागणार आहे का, हे त्यालाच विचारा. जागणार असेल तर कार्यालयाच्या वायफायवर विसंबू नका, चारशे फोन त्यावरच असतात. नाहीतर मुहूर्ताचा अर्धा तास त्याच रात्री पाठवा, त्याचं भागतं.

कोटेशन कसं ताडायचं

प्रत्येक कोटेशन माणूस-तासात उतरवा. समजण्यापुरते आकडे घेऊ, अल्बमचे पैसे दोन्हीकडे वेगळे. पहिला म्हणतो, "दोन दिवस फुल कव्हरेज, चार जणांची टीम, १,४०,००० रुपये." खोदून विचारल्यावर कळतं की हळदीला दोन माणसं चार तास, म्हणजे ८, आणि लग्नाला चार माणसं नऊ तास, म्हणजे ३६. एकूण ४४ माणूस-तास, तासाला साधारण ३,१८० रुपये. दुसरा म्हणतो, "लग्नाचा एकच दिवस, तीन जण, दहा तास, ९५,००० रुपये." ३० माणूस-तास, तासाला साधारण ३,१७०. ऐकायला एक महाग आणि एक स्वस्त, प्रत्यक्षात दर एकच. आता प्रश्न एवढाच उरतो की वरचे १४ माणूस-तास तुमच्या कागदावरच्या गोलांवर पडतात की रिकाम्या ओळींवर.

मोजताना सहायक धरू नका. लाइट धरणारा मुलगा टीममध्ये चौथा म्हणून मोजला जातो. तो कामाचा असतो, पण फोटो काढत नाही. आणि १८ टक्के जीएसटी धरून आकडा आहे की वरून, हे आधीच विचारा.

आपल्या उदाहरणातल्या लग्नाला मी असं सुचवेन. हळदीला दोन्ही घरी एकेक माणूस अडीच तास. लग्नाच्या दिवशी साडेआठ ते साडेचार, फोटोचे दोन आणि व्हिडिओचे दोन. त्यातला दुसरा व्हिडिओवाला अकरा ते तीनच. ५ अधिक २४ अधिक ४, म्हणजे ३३ माणूस-तास. दीडशे पानांचं लग्न असेल तर दुसरा व्हिडिओवाला गाळा. नोंदणी विवाह करून घरच्यांचं जेवण असेल तर एकच चांगला कँडिडवाला तीन तास पुरतो. विवाह नोंदणी कार्यालयात आत फोटो काढू देतात का, तेवढं आधी जाऊन विचारा.

कागदावर काय हवं

तोंडी ठरवू नका. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

पहिली ओळ माणसांच्या नावांची. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांची गर्दी सुरू झाली की एकाच तारखेला एका स्टुडिओकडे तीन-चार लग्नं असतात. तुम्ही काम पाहिलेला माणूस एकाकडे जातो, उरलेल्यांकडे रोजावर आणलेली मुलं. मोठ्या मुहूर्ताच्या तारखेला हे होणारच, म्हणून "आमच्याकडे कोण" हे नावानिशी हवं. २०२६ सालात १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्यातले मुहूर्त त्याआधीच्या दिवसांत दाटतात. अशा वर्षी नावं लिहून घेणं जास्तच गरजेचं.

मग वेळा, आणि त्यापुढे जादा तासाचा दर माणसागणिक. एडिट केलेले फोटो किती आणि किती दिवसांत. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा आहे का. कच्चा डेटा, म्हणजे एडिट न केलेले मूळ फोटो-व्हिडिओ, मिळणार का, आणि कशावर: फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसने काढला तर तासाला ४५ जीबी होतो. दोन कॅमेरे, दहा तास, म्हणजे ९०० जीबी. पेनड्राइव्हवर देतो म्हणणाऱ्याला हे गणित सांगा आणि दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क स्वतः नेऊन द्या. एक तुमच्याकडे, एक सासरी.

फोटोंच्या मालकीबद्दल घरात कुणी विचारत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. स्टुडिओच्या छापील फॉर्मवर खाली बारीक अक्षरात तो वेगळा करार असू शकतो. इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी विचारायचं, ही ओळ हवी असेल तर सही करण्याआधी घाला. चांगला माणूस हरकत घेत नाही.

पैशांचे टप्पे करा: थोडे तारीख अडकवताना, मोठा भाग लग्नाच्या दिवशी, आणि डोळ्यांत भरेल एवढा शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर. तारीख पुढे गेली तर आगाऊ रकमेचं काय, हे २०२० नंतर सगळ्यांनीच लिहायला घेतलंय, तुम्हीही घ्या.

टीमच्या जेवणाची वेळ ठरवा, तीही गौरीहराच्या आधी, साडेदहाला. एक वाजता बसवलंत तर कन्यादानाला कॅमेरा रिकाम्या खुर्चीवर असेल.

अल्बमची बाब

बारा बाय छत्तीसच्या अल्बममध्ये एका शीटवर चार-पाच फोटो बरे दिसतात. ३५ शीटचा अल्बम म्हणजे एकशेचाळीस ते पावणेदोनशे फोटो. तुमच्याकडे येणार हजार-दीड हजार. निवड कुणी करायची हे ठरलेलं नसलं की अल्बम वर्षभर लटकतो. फोटोवाल्याच्या नावाने बोटं मोडली जातात, पण बहुतेक वेळा लिंक फॅमिली ग्रुपवर पडून असते आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत असतो. नवरानवरीने शंभर निवडावेत, दोन्ही आयांनी पंचवीस-पंचवीस, आणि यादी महिन्याच्या आत पाठवावी. दोन घरांना दोन अल्बम हवे असतील तर दुसरी प्रत त्याच वेळी मागा. डिझाइन तयार असतं, फक्त छपाई आणि बांधणीचे पैसे लागतात.